बोटीवरचा पगार आणि जिनिव्हाचा कागद : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आयएलओवर, म्हणजे जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेवर अर्धं पान लिहिलं होतं आणि खाली सहज म्हटलं होतं की काही शंका असेल तर कळवा, तर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मिळून इतकं काही आलंय की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण एक पत्र आधी घेते कारण तिथे एकेक दिवस महत्त्वाचा आहे. नावं कुणाचीच छापत नाही.

ताई, माझा मुलगा बोटीवर ओएस, म्हणजे साधा खलाशी म्हणून लागला, वय २२. पहिल्या महिन्याचा पगार आला, त्यानंतर तीन महिने एक पैसा नाही. बोट गल्फमधल्या एका बंदराच्या बाहेर नांगरून ठेवलीय, जेवायला नुसता डाळभात, पिण्याचं पाणी मोजून देतात. कंपनी फोन उचलत नाही. एजंटने लावताना दोन लाख घेतले होते. आता कॅप्टन म्हणतो या कागदावर सही कर आणि घरी जा, पैसे मागाहून येतील. बोट पनामाची आहे म्हणे, मालक कुठला ते कुणालाच माहीत नाही. आम्ही काय करावं? (दापोली तालुका)

दादा, आधी मुलाला निरोप द्या की 'सगळा हिशोब मिळाला' किंवा 'मी माझ्या मर्जीने जातोय' अशा अर्थाच्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस. बाकीचं सगळं त्यानंतर.

आता त्याचा हक्क काय ते सांगते. बोटीवरच्या माणसांसाठी आयएलओचा एक वेगळा मोठा करार आहे, मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६, शिपिंगमध्ये सगळे त्याला एमएलसी म्हणतात. आधीचे ३७ वेगवेगळे करार एकत्र करून तो बनवला, तो २० ऑगस्ट २०१३ पासून लागू झाला आणि भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. पनामाने तर आपल्याही आधी स्वीकारलाय, त्यामुळे झेंडा पनामाचा आहे म्हणजे कायदाच नाही असं अजिबात समजू नका. या करारात पगार महिन्याच्या आत द्यायचा, दर महिन्याला हिशोबाची स्लिप द्यायची, जेवण आणि पिण्याचं पाणी फुकट आणि पुरेसं द्यायचं, २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्यायची, हे सगळं लिहिलेलं आहे.

आणि तुमच्या मुलाच्या कामाची खरी गोष्ट पुढे आहे. २०१७ पासून त्यात एक दुरुस्ती लागू आहे, तिच्याप्रमाणे मालकाने दोन महिने किंवा जास्त पगार दिला नाही, किंवा माणसाला अन्नपाण्याशिवाय ठेवलं, किंवा घरी परत पाठवायचा खर्च केला नाही, यातलं एक जरी झालं तरी त्या खलाशाला मालकाने 'वाऱ्यावर सोडलं' असं कायद्याने धरतात, आणि अशा वेळेसाठी मालकाने आधीच विमा किंवा तशी आर्थिक हमी काढून ठेवलेली असायलाच लागते. त्या हमीतून जास्तीत जास्त चार महिन्यांचा थकलेला पगार, घरी यायचा खर्च, आणि घरी पोचेपर्यंतचं खाणंपिणं, औषधपाणी मिळतं. चार महिने हा आकडा लक्षात ठेवा. तुमचे तीन झालेत. अजून दोनतीन महिने कंपनीच्या 'बघतो, करतो' वर काढलेत तर चारच्या वरचा पगार या हमीत बसणार नाही, तो वेगळा भांडून घ्यावा लागेल. म्हणून मी म्हणते आहे की आज हालचाल करा.

त्या हमीचं सर्टिफिकेट बोटीवर सगळ्यांना दिसेल अशा जागी लावलेलं असतं, बहुतेक मेसरूमच्या बाहेर किंवा नोटीस बोर्डवर, इंग्लिशमध्ये. त्यावर विमा देणाऱ्याचं नाव आणि संपर्क असतो. मुलाला म्हणावं त्याचा फोटो काढ, तुझ्या ॲग्रीमेंटचा काढ, सीडीसीचा, म्हणजे खलाशाच्या सरकारी पुस्तिकेचा काढ, क्रू लिस्ट मिळाली तर तिचा काढ, पाण्याच्या टाकीचा, फ्रीजचा, सगळ्याचा काढ आणि तुम्हाला पाठव. विमावाल्याला खलाशी स्वतः थेट लिहू शकतो, किंवा त्याने नेमलेला माणूस लिहू शकतो, कंपनीची परवानगी लागत नाही. बोटीवरचे सगळे मिळून एकच सहीचं पत्र पाठवतील तर फार बरं. तक्रार केली म्हणून कुणाला त्रास देणं हे त्याच करारात बंद केलंय.

त्याच दिवशी आणखी काही ठिकाणी तेच पत्र जाऊ द्या: तिथला भारतीय दूतावास, मुंबईत डीजी शिपिंग (केंद्र सरकारचं जहाजखातं), त्या बंदराचं पोर्ट स्टेट कंट्रोल (बंदरात आलेल्या परदेशी बोटी तपासणारं खातं), पनामाचं सागरी खातं, आणि आयटीएफ. आयटीएफ म्हणजे इंटरनॅशनल ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशन, लंडनला मुख्य ऑफिस, १८९६ पासूनची संघटना आहे, आणि अशा प्रकरणात खरोखर बोटीवर जाऊन बघणारे त्यांचे इन्स्पेक्टर बऱ्याच बंदरांत आहेत. मुंबईत नुसी ही खलाशांची युनियन आहे, तिच्यामार्फतही आयटीएफपर्यंत जाता येतं. एवढ्या सगळ्यांना का पाठवायचं, तर एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये म्हणून.

एजंटच्या दोन लाखांबद्दल. खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घेणं एमएलसीमध्ये सरळ मना आहे, त्याने फक्त स्वतःचं मेडिकल सर्टिफिकेट, सीडीसी आणि पासपोर्ट यांचाच खर्च करायचा असतो. आपल्याकडे एजंटला डीजी शिपिंगचं आरपीएसएल लायसन्स लागतं, तुमच्या एजंटकडे ते होतं का बघा, डीजी शिपिंगच्या साइटवर यादी असते. लायसन्स असेल तर त्याच्यावर तिथे तक्रार होते. नसेल तर पोलिसात फसवणुकीची तक्रार करा. पण एक सांगते, एजंट बिनलायसन्सचा होता म्हणून मुलाचा बोटीवरचा हक्क जात नाही, हक्क त्या बोटीला आणि मालकाला चिकटलेला असतो, एजंटला नाही. हे कोकणात फार जणांना माहीत नसतं आणि 'आपलंच चुकलं, दोन नंबरने गेलो' म्हणून घरचे गप्प बसतात. गप्प बसू नका.

पाणीच संपलं, कुणी आजारी पडलं, तर पगारासाठी अडून बसायचं नाही, आधी घरी यायचं. पगाराचा दावा उतरल्यावरही राहतो. खलाशाचा पगार हे बोटीवरचं सगळ्यात वरचं देणं धरतात, बँकेच्याही आधीचं, आपल्याकडे २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्यात तसं स्पष्ट आहे, आणि ती बोट कधी भारताच्या पाण्यात आली तर मुंबई हायकोर्ट तिला अडकवून ठेवू शकतं.

तुमचा मुलगा एकटा नाही हेही त्याला सांगा. आयटीएफच्या हिशोबाप्रमाणे २०२४ मध्ये तीन हजारांवर खलाशी आणि तीनशेवर बोटी अशा सोडून दिल्या गेल्या, आणि त्यात सगळ्यात जास्त माणसं भारतातली होती. मला विचाराल तर याचं मूळ झेंड्याच्या धंद्यात आहे. मालक एका देशात, झेंडा दुसऱ्या देशाचा, माणसं तिसऱ्या देशाची, आणि बोट जुनी झाली, देणी बोटीच्या किमतीपेक्षा वाढली की मालक सरळ हात झटकतो. आयटीएफ १९४८ पासून या भाड्याच्या झेंड्यांविरुद्ध भांडतेय. पण सगळ्या कामगार करारांमध्ये एमएलसीला दात आहेत ते एकाच कारणामुळे, बोट कुठेतरी बंदराला लागतेच, आणि तिथला इन्स्पेक्टर तिला धरून ठेवू शकतो, झेंड्याच्या देशाने करार स्वीकारलेला नसला तरी. उभ्या बोटीचा रोजचा खर्च मालकाला परवडत नाही.

मुलाची खबर कळवा. मी वाट बघते.

आमच्याकडे रत्नागिरीत मासेमारीच्या ट्रॉलरवर बरेच नेपाळी आणि परप्रांतीय खलाशी असतात, काही आपलेही. त्यांना हे एमएलसी लागू होतं का?

नाही. मासेमारीची बोट त्यातून मुद्दाम बाहेर ठेवलीय. त्यांच्यासाठी आयएलओचं वेगळं कन्व्हेन्शन, म्हणजे करार आहे, नंबर १८८, ते २००७ चं, लागू झालं २०१७ मध्ये, आणि भारताने ते स्वीकारलेलं नाही. म्हणजे त्याच समुद्रात मालाच्या बोटीवरच्या माणसाला विश्रांतीचे तास मोजून आहेत आणि ट्रॉलरवरच्याला नाहीत. मला हे अजिबात पटत नाही. मासेमारी हे जगातल्या सगळ्यात धोक्याच्या कामांपैकी एक आहे. तांडेलांनी आणि मच्छीमार सोसायट्यांनी निदान कामाचा करार लेखी द्यावा, हिस्सा कसा वाटणार ते कागदावर असावं, आणि खलाशाचं नाव, गाव, घरचा नंबर किनाऱ्यावर लिहून ठेवलेला असावा, एवढं तर दिल्लीची वाट न बघता होऊ शकतं.

मॅडम, मी राज्यसेवेची तयारी करतोय. कन्व्हेन्शन आणि रेकमेंडेशन यात नेमका फरक काय? आणि भारताने ८७ आणि ९८ का स्वीकारलं नाही? क्लासमध्ये फक्त 'स्वीकारलेलं नाही' एवढंच सांगतात. (नांदेड)

चांगला प्रश्न आहे, 'का' विचारलंस म्हणून. जिनिव्हाला दरवर्षी जूनमध्ये परिषद भरते, तिला १८७ देश येतात, आणि प्रत्येक देशाकडून चार मतं असतात, दोन सरकारची, एक मालकांचं, एक कामगारांचं. हे लक्षात घे, संयुक्त राष्ट्रांशी जोडलेल्या बाकी कुठल्याही संस्थेत मालक आणि कामगार सरकारच्या बरोबरीने मत देत नाहीत, फक्त इथे देतात, आणि कामगाराचा प्रतिनिधी आपल्याच सरकारच्या विरोधात मत देऊ शकतो, देतोही. तिथे दोनतृतीयांश मतांनी जे मंजूर होतं ते कन्व्हेन्शन किंवा रेकमेंडेशन. कन्व्हेन्शन हा करार, पण तो देशावर बंधनकारक होतो तो देशाने स्वतः स्वीकारल्यावर, म्हणजे रॅटिफाय केल्यावर. रेकमेंडेशन ही शिफारस, ती रॅटिफाय होत नाही, पण कन्व्हेन्शनमध्ये मोघम सोडलेलं तिथे आकड्यात सांगितलेलं असतं. खाली वाशीच्या माथाडी दादांचं पत्र आहे ते वाच, हा फरक त्याच्याहून सोपा मला समजावता येणार नाही.

आता ८७ आणि ९८. पहिलं १९४८ चं, संघटना करायच्या स्वातंत्र्याचं. दुसरं १९४९ चं, संघटना केली म्हणून नोकरीवरून काढू नये आणि मालकाने सामूहिक वाटाघाटी कराव्यात याचं. सरकारचं म्हणणं असं आहे की ही दोन स्वीकारली तर सरकारी नोकरांना संपाचा, सरकारच्या धोरणावर उघड टीका करायचा वगैरे हक्क द्यावा लागेल, आणि ते आपल्या सेवानियमात बसत नाही. आणि आपली जुनी पद्धत अशी की देशातला कायदा आधी जुळला पाहिजे, मगच सही करायची. ही पद्धत प्रामाणिक आहे, सही करून न पाळण्यापेक्षा बरी, पण ७५ वर्षांत कायदा जुळवायचा प्रयत्नच झाला नाही तर त्याला काय म्हणायचं? अमेरिका आणि चीननेही ही दोन स्वीकारलेली नाहीत, त्यामुळे आपण एकटे नाही, पण ही सोबत मिरवण्यासारखी नाही.

मूलभूत म्हणतात ती कन्व्हेन्शन्स आता १० आहेत. वेठबिगारीची २९ आणि १०५, समान वेतनाचं १००, भेदभावाचं १११, बालमजुरीची १३८ आणि १८२, ही सहा भारताने स्वीकारलीत, बालमजुरीची दोन तर अगदी अलीकडे, जून २०१७ मध्ये. ८७ आणि ९८ नाहीत. आणि कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेची १५५ आणि १८७ ही दोन २०२२ मध्ये मूलभूत यादीत आली, तीही नाहीत. परीक्षेत आठ लिहिशील तर मार्क जाईल, दहा लिही. आणि हेही लिही की १९९८ च्या जाहीरनाम्याप्रमाणे सभासद आहे म्हणूनच प्रत्येक देशाने या तत्त्वांचा मान ठेवायचा असतो, रॅटिफाय केलेलं असो वा नसो.

मी वाशी मार्केटला माथाडी आहे, २६ वर्षं झाली. ५० किलोच्या वर पोतं उचलायचं नाही असा नियम आहे असं युनियनवाले म्हणतात, व्यापारी म्हणतात असा कायदाच नाही. खरं काय?

दादा, तुमचं पत्र वाचताना माझे वडील आठवले. ते मशीद बंदरला टोळीत होते आणि त्यांच्या काळात १०० किलोचं पोतं हे साधं पोतं होतं. पन्नाशीत त्यांची मान वळायची बंद झाली, कुणी मागून हाक मारली तर ते अख्खे वळायचे. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला नाही.

खरं असं आहे. आयएलओचं १९६७ चं कन्व्हेन्शन १२७, हे जास्तीत जास्त ओझ्याबद्दलच आहे, आणि भारताने ते २०१० मध्ये स्वीकारलं. त्यात आकडा नाही. ज्या वजनाने माणसाच्या तब्येतीला किंवा जिवाला धोका होईल असं ओझं त्याला उचलायला लावायचं नाही आणि उचलूही द्यायचं नाही, एवढंच म्हटलंय. 'उचलूही द्यायचं नाही' हे महत्त्वाचं, कारण व्यापारी नेहमी म्हणतो की तो स्वतःच उचलतो, मी कुठे जबरदस्ती केली. आकडा आहे तो त्याच्याबरोबरच्या रेकमेंडेशनमध्ये, १२८ नंबरच्या, तिथे मोठ्या पुरुष कामगारासाठी ५५ किलो ही हद्द दिलीय, आणि बायकांसाठी त्याहून बरीच कमी ठेवा म्हटलंय. आपल्याकडचा ५० किलोचा आग्रह तिथूनच आलाय, धान्याची पोती १०० वरून ५० वर आली ती यामुळे, आणि कांदा-बटाट्याच्या गोणीसाठी तुमच्या युनियनने वाशीला वेळोवेळी काम बंद ठेवलं तेही यासाठीच.

व्यापाऱ्याला हे सांगा की आकड्यावर वाद घालायचा तर घालू, पण तब्येतीला धोका होईल असं ओझं उचलायला लावणार नाही असं देशाने लिहून दिलंय. आणि वाद टोळीच्या मुकादमावर सोडू नका, माथाडी बोर्डाकडे लेखी तक्रार करा, गोणीचं वजन काट्यावर करून, पावतीसकट. तुमचं बोर्ड ही काही साधी गोष्ट नाही. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना उभं केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने जो माथाडी कायदा केला, त्याने रोज वेगळ्या व्यापाऱ्याचं काम करणाऱ्या, कुठलाच कायमचा मालक नसलेल्या माणसाला भविष्य निर्वाह निधी, भरपगारी सुट्टी, दवाखाना हे सगळं व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या लेव्हीतून मिळवून दिलं. आज गिग कामगारांसाठी जगभर हाच प्रश्न चर्चेला आहे, मालक कोण ते ठरत नाही मग जबाबदारी कुणाची, आणि त्याचं एक उत्तर वाशीच्या बाजारात पन्नास वर्षांहून जास्त काळ चालू आहे. ते जिनिव्हात कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आम्ही गिरणी कामगार. १९८२ ला आमचा संप मोडला, अडीच लाख घरं रस्त्यावर आली, तेव्हा तुमची आयएलओ कुठे होती? हे सगळे कागद मालकांच्या आणि साहेबांच्या चहापाण्यासाठी असतात. (सातारा जिल्हा, पूर्वी लालबाग)

काका, तुमचा राग मी खोडून काढणार नाही. कुठे होती, तर गिरणगावात नव्हती. पण का नव्हती हे बघा, कारण त्याचं उत्तर वरच्या नांदेडच्या मुलाच्या प्रश्नात आहे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा कामगार जवळजवळ सगळे डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते, पण १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा असं सांगत होता की अख्ख्या धंद्यात एकच मान्यताप्राप्त युनियन, आणि ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. म्हणजे ज्याच्यामागे माणसं आहेत त्याच्याशी बोलणी करायची नाहीत आणि ज्याच्याशी करायची त्याच्यामागे माणसं नाहीत, हे कायदेशीर होतं. आपली युनियन आपण निवडायची हे ८७ चं मूळ आहे. भारताने ते स्वीकारलं असतं तर गिरण्या वाचल्या असत्या असं मी म्हणणार नाही, जमिनीचा भाव आणि यंत्रमाग हे वेगळं होतं. पण तुमच्या हातात एक कागद असता, आणि तो नसणं हा योगायोग नव्हता.

कागद चहापाण्याचा असतो हे मात्र मला मान्य नाही, आणि हे मी गिरणी कामगारालाच सांगू शकते. १८९० साली १० जूनला मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंड्यांमुळे, आयएलओ तेव्हा जन्मलीही नव्हती, आठवड्याच्या सुट्टीचं तिचं कन्व्हेन्शन १९२१ चं. म्हणजे कधीकधी आपण पुढे होतो. १९१९ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या तहातून आयएलओ निघाली, वॉशिंग्टनला पहिली परिषद झाली, तिथे हिंदुस्थानच्या कामगारांकडून गेले ते रायगडच्या गोरेगावचे ना. म. जोशी. त्या परिषदेने पहिलंच कन्व्हेन्शन केलं, दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. आणि त्यातच एक वेगळं कलम टाकलं की ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र आठवड्याला ६० तास. हे वाचून आजही चीड येते. पण त्या ६० चं काय झालं ते बघा. १९२२ च्या फॅक्टरी कायद्यात ६० आलं, तोपर्यंत आठवड्याच्या तासांना हद्दच नव्हती. १९३४ मध्ये ५४ झालं. १९४६ मध्ये, बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असतानाच्या काळात ते ४८ वर आलं, जे बाकी बहुतेक जगाला १९१९ मध्ये सांगितलं होतं. त्या मधल्या २७ वर्षांत प्रत्येक वेळी मुंबईच्या संपांनी ढकललं आणि जिनिव्हाच्या कागदाने टेकू दिला. आयटक या देशव्यापी कामगार संघटनेची स्थापना ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईत झाली त्यालासुद्धा एक कारण हेच होतं, जिनिव्हाला कामगारांचा माणूस पाठवायचा तर तो सरकारने का निवडावा, आपली संघटना हवी.

आताचंही एक उदाहरण देते. कतारमध्ये आपले लाखो लोक आहेत. तिथे मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता यायची नाही, देश सोडता यायचा नाही. २०१४ मध्ये आयएलओच्या परिषदेतल्या कामगार प्रतिनिधींनी कतारविरुद्ध रीतसर तक्रार केली, २०२२ चा फुटबॉल वर्ल्डकप तिथे व्हायचा होता, तीन वर्षं ती लटकत ठेवली, आणि २०१७ मध्ये कतारने सुधारणा लिहून दिल्या तेव्हाच ती मागे झाली. नोकरी बदलायची अट २०२० मध्ये गेली, २०२१ पासून सगळ्यांना १००० रियाल किमान पगार आला, जेवणराहण्याचे पैसे वेगळे. सगळं सुटलं असं नाही, पगार थकवणारे तिथे अजूनही आहेत. पण एकट्या माणसाला आयएलओकडे तक्रार करता येत नाही, युनियनला येते, आणि ज्या माणसांना युनियन करायची बंदी होती त्यांची तक्रार दुसऱ्या देशांच्या युनियनवाल्यांनी केली, हे मला फार मोठं वाटतं.

आणि काका, तासांचा प्रश्न संपलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाचे ९ तास १२ पर्यंत न्यायला मंजुरी दिली, आठवड्याचे ४८ ठेवून. तुमच्यासारख्या माणसांनी नव्या पोरांना यावर सांगायला पाहिजे, बारा तास उभं राहिल्यावर पायांचं काय होतं ते.

आमच्याकडे एक मावशी नऊ वर्षं घरकामाला येतात. तुमच्या लेखात घरकामगारांसाठीही आंतरराष्ट्रीय करार आहे असं वाचलं. आम्ही काही चुकीचं तर करत नाही ना? (पुणे)

ताई, तुम्ही विचारलंत हेच खूप आहे. करार आहे, कन्व्हेन्शन १८९, १६ जून २०११ ला मंजूर झालं, ३९६ विरुद्ध १६ मतांनी. भारताने अजून रॅटिफाय केलेलं नाही, म्हणून तुमच्यावर कायद्याने ते बंधनकारक नाही. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, तो नोंदणी आणि मदतीपुरता आहे, तास-सुट्टी त्यात ठरत नाही.

पण करार वाचलात तर त्यात अवघड काहीच नाही. आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी. काम काय, पगार किती, कुठल्या तारखेला, हे आधी ठरलेलं, जमलं तर लिहिलेलं. पगार महिन्याच्या आत. अपमान आणि मारहाण नाही. बस. तर या रविवारी मावशींना चहाला बसवा, खुर्चीवर, आणि विचारा की त्यांना सुट्टी कुठल्या वारी हवीय, कारण आपल्याला रविवार वाटतो आणि त्यांना कदाचित बाजाराचा दिवस हवा असतो. आजारपणाच्या सुट्ट्यांचे पैसे कापत असाल तर ते बंद करा. नऊ वर्षांत पगार किती वेळा वाढला ते दोघींनी मिळून एका कागदावर लिहा. आणि मावशींची मंडळात नोंदणी झालीय का बघा, वय १८ ते ६० मध्ये असेल तर होते, नसेल झालेली तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसला त्यांच्याबरोबर तुम्हीही जा, तिथे नव्वद दिवस काम केल्याचा मालकाचा दाखला मागतात आणि तो तुमच्याकडूनच हवाय.